फक्त गोरेगावात चालणारा प्रोग्राम

सुकन्या पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा वैजनाथ प्रिंटरच्या पोटात मनगटापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढत होता.

"भाऊ, प्रिंट निघतील का?"

"निघतील, ताई. आधी माझा हात निघू द्या."

ती हसली नाही. वैजनाथला आपला विनोद परत घ्यावासा वाटला.

गोरेगावात हिंगोलीच्या जीप जिथून सुटतात त्याच्या समोरच त्याचं दुकान होतं. झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, कॉलेजचे फॉर्म. दिवसभर माणसं यायची, अंगठा लावायची आणि जायची. डिसेंबर होता, दुपारीही सावलीत गारठा होता. तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडायला घेतली. गाठीत पेनड्राइव्ह होता, आणि गाठ काही केल्या सुटत नव्हती. थंडीनं बोटं आखडली असतील असं त्याला वाटलं. ती थंडी नव्हती हे पुढं कळलं.

पेनड्राइव्हमध्ये सी भाषेतला प्रोग्राम होता. पहिलं पान बाहेर आलं तसं वैजनाथनं सवयीनं त्याच्यावरून नजर फिरवली आणि थांबला.

"ठमी, बांडी, काजळी... ही कोन मानसं?"

"मेंढ्या हायत."

"मेंढ्यायचा प्रोग्राम?"

"नोंद हाय. कोनती कवा व्याली, लस कवा टोचली. आमच्या बाबाच्या कळपातल्या." तिनं हनुवटी वर केली. "काहून? तुमच्या घरी बैलायला नावं न्हाईत का?"

"हायत. पर त्यायला कॉम्प्युटरात कोनी घातलं न्हाई."

तिच्या ओठाचं एक टोक हललं. वैजनाथनं तेवढ्यावर समाधान मानलं.

प्रॅक्टिकल सोमवारी होतं, हिंगोलीच्या कॉलेजात. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर न्यायचा आणि तिथल्या मशीनवर, परीक्षकाच्या समोर, चालवून दाखवायचा. ती तीन वर्षं कॉलेजातल्या मशीनवर, सीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर शिकली होती. महिन्याभरापूर्वी ती मशीनं गेली आणि नवी आली. नव्यांवर निळा पडदा नव्हता, विंडोजही नव्हतं, लिनक्स होतं. ती एकदाही त्यांच्यासमोर बसली नव्हती.

"मंग हे तिथं चालायचं न्हाई," वैजनाथ बोलून गेला.

माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरतं म्हणतात, ते त्यानं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"चालायचं न्हाई म्हंजे?"

"म्हंजे... बसा, ताई. आधी बसा."

कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं. त्याला विंडोज झेपत नव्हतं, म्हणून वैजनाथनं चार वर्षांपूर्वी त्याच्यावर लिनक्स टाकलं होतं. त्यानं तिचा प्रोग्राम तिथं चढवला. काळ्या पडद्यावर लाल अक्षरं आली. फेटल एरर. मेंढी डॉट एच. नो सच फाईल ऑर डिरेक्टरी.

"मागच्या बारीला..." ती म्हणाली, आणि पुढचं तिनं गिळलं.

"घाबरू नका. हे सोपं हाय. हेडर फाईल म्हंजे आधीच करून ठेवलेलं सामान. तुमचा प्रोग्राम पहिल्याच ओळीत म्हनतो, ते सामान आना, मंगच मी पुढं जाईन. मशीनला सामान सापडलं न्हाई की ते तिथंच बसकन मारतं."

"पर मेंढी डॉट एच तर मीच केली. हाय की पेनड्राइव्हात."

"हाय. पर तुमी तिचं नाव टोकदार कंसात घातलं. तसला कंस पाहिला की मशीन सरकारी गोदामात जाऊन हुडकतं. घरचं सामान गोदामात कसं सापडंल? कॉलेजातल्या मशीनवर ती फाईल गोदामातच टाकली असंल कोनी."

"सरांनीच टाकायला सांगितलती."

"मनून चालत होतं. आता कंस काढा अन् अवतरण चिन्ह घाला. मंग मशीन आधी आपल्या घरात बघंल." त्यानं कीबोर्ड तिच्याकडं सरकवला. "मी न्हाई. तुमी करा."

तिनं दोन कंस काढले, दोन चिन्हं घातली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकाखाली एक नावं उतरली. ठमी, बांडी, काजळी. संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना मोजावा तशी ती ओठ हलवत मोजत होती. शेवटचं नाव आलं तेव्हा तिनं डोळे मिटले.

"दुसरी कोनती एरर?"

"न्हाई. साफ हाय," वैजनाथ म्हणाला.

प्रोग्रामच्या दुसऱ्या ओळीत कोनिओ डॉट एच नावाची आणखी एक फाईल मागितलेली होती. त्या ओळीनं कुरकुर केली नाही. जी कुरकुर करत नाही तिच्याकडं वैजनाथनं पाहिलं नाही. तसा तो त्या वेळी पडद्याकडं कमीच पाहत होता.

ती गुरुवारी आली. शुक्रवारी आली. शनिवारीही आली. तीन कोसांवरच्या वस्तीवरून चालत यायची, तासभर मशीनसमोर बसायची, आणि ऊन कलायच्या आत परत निघायची. प्रोग्राम रोज चालत होता. तिला तो रोज चालताना पाहायचा होता, एवढंच.

दुकानासमोर जीप लावणारा नरसिंग तिसऱ्या दिवशी काचेतून डोकावला. "मास्तर, तुमच्या दुकानावर लई गर्दी वाढली राव. एकाच मानसाची."

"तुला झेरॉक्स काढायची का?"

"मला न्हाई. तुमचाच चेहरा झेरॉक्सवानी पांढरा पडला, मनून इचारलं."

सुकन्या पडद्याकडंच पाहत राहिली, पण तिचे कान लाल झाले. त्या दिवसापासून 'ताई' आणि 'भाऊ' हे दोन शब्द दुकानातून गेले ते गेलेच. त्यांच्या जागी काही आलं नाही. ती नुसतं "अहो, हे बघा" म्हणायची आणि वैजनाथ हातातलं काम टाकून उठायचा.

शुक्रवारी तिनं मागचं सांगितलं होतं.

"मागच्या साली ह्याच प्रॅक्टिकलला बसले. बारा एररी आल्या. हात असे गार पडले... मी बाराही बघत बसले. तीन तास. मंग मॅडमनी मशीन बंद केलं."

"बारा न्हाई बघायच्या. वरची पहिली वाचायची. बाकीच्या तिच्यामागं आलेल्या असतात."

तिनं मान वळवली. "मेंढ्यावानी?"

"कशा?"

"पुढची नाल्यात उतरली की मागच्या समद्या उतरतात. त्यायला इचारलं काहून, तर त्यायलाच ठाव न्हाई."

"बराबर! तसंच."

"मंग तसं सांगा ना. कॉलेजात तीन वर्षं झाली, कोनी सांगितलं न्हाई." ती हसली. पहिल्यांदा पूर्ण हसली. मग हसू तसंच ठेवून, खाली पाहत म्हणाली, "ही शेवटची बारी हाय माझी. बाबा म्हनले, पास झालीस तर नांदेडला शिकायला जा. न्हाई झालीस तर बजरंग मामाच्या घरी. मामानं पोरासाठी कवाचंच मागितलं. पोरगं वाईट न्हाई, पर मला..."

तिनं वाक्य सोडून दिलं. वैजनाथला ते वाक्य पुरं व्हावं असंही वाटलं आणि होऊ नये असंही.

शनिवारी, निघता निघता, तिनं विचारलं, "तुमी कोन्या कॉलेजात शिकले?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. गावात त्याला मास्तर म्हणत होतेच.

"तुमच्याच. शेवटच्या वर्षाला प्रॅक्टिकल होतं. आदल्या दिवशी ताप भरला. खरा न्हाई, भ्याचा. गेलोच न्हाई. मंग कवाच न्हाई गेलो."

"म्हंजे तुमीबी भेले होते?"

"अजूनबी भेतो."

"आता कशाला? आता कुठं परीक्षा हाय तुमाला?"

"हाय एक."

"कोनता विषय?"

वैजनाथनं कागदांचा गठ्ठा उचलला आणि दुसरीकडं ठेवला. "तुमचं होऊ द्या. मंग सांगतो."

"न्हाई सांगितलं तर?"

"तर समजा नापास झालो."

ती पायरी उतरली. रस्ता ओलांडून वळली, काहीतरी विसरल्यासारखं दुकानाकडं पाहिलं, आणि काही न विसरताच गेली.

सोमवारी सकाळी आठच्या सुमारास ती जीपमध्ये बसताना दिसली. सोबत वडील होते. मसाजी. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वडील शेजारी असल्यानं तिनं दुकानाकडं नीट पाहिलं नाही. वैजनाथनं हात अर्धा वर केला आणि मग त्याच हातानं डोकं खाजवलं. जीप गेली. धूळ बसेपर्यंत तो दारात उभा होता.

नऊ वाजता अमृतराव गुरुजी जुना लॅपटॉप ठेवून गेले. नवं लिनक्स टाकून पाहिजे होतं. टाकून झालं तेव्हा साडेनऊ झाले होते. मशीन नीट चालतं का ते तपासायला काहीही चालवून बघता आलं असतं. वैजनाथनं तिचा प्रोग्राम घेतला. दुसरं काही कारण नव्हतं. त्याला ती नावं पुन्हा एकदा एकाखाली एक उतरताना पाहायची होती.

लाल अक्षरं आली. फेटल एरर. कोनिओ डॉट एच. नो सच फाईल ऑर डिरेक्टरी.

त्यानं पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

मग तो कोपऱ्यातल्या जुन्या मशीनकडं वळला. त्यानं मशीनचं गोदाम उघडलं, आणि फायलींच्या रांगेत ती होती. कोनिओ डॉट एच. चार वर्षांपूर्वीची तारीख. लिनक्स नवं नवं टाकलं तेव्हा गावातली पोरं निळ्या पडद्यावरचे प्रोग्राम घेऊन यायची, ते चालावेत म्हणून त्यानं स्वतः लिहून तिथं टाकलेली. ही फाईल जुन्या निळ्या पडद्याचं सामान. लिनक्सच्या कुठल्याही मशीनवर ती नसते. गोरेगावातल्या ह्या एका मशीनवर होती, आणि त्याच मशीनवर त्यानं तिला चार दिवस सांगितलं होतं, साफ हाय.

साफ हाय, साफ हाय. किती वेळा म्हणालो आपण?

तिचा नंबर त्याच्याकडं नव्हता. त्यानं मागितला नव्हता, तिनं दिला नव्हता. पण शुक्रवारी तिचा स्कॉलरशिपचा फॉर्म त्यानंच भरला होता, त्यात वडिलांचा नंबर होता. हा फोन केला तर काय काय होईल हे त्याला दिसत होतं. कोण पोरगा, कुठला, आमच्या पोरीचं नाव ह्याच्या तोंडात कसं? बोट नंबरावर थांबलं. मग त्याला तिचे गार हात आठवले आणि त्यानं बोट दाबलं.

"कोन?"

"मी... गोरेगावहून. ऑनलाइनवाला."

"विमा आला का?"

"न्हाई, काका. सुकन्या कुठं हाय? तिला सांगा कोनिओ काढून टाक. वरून दुसरी ओळ."

"काय काढून टाक?"

"कोनिओ!"

"लेकरा, पोरगी आत गेली. मघाच गेली. तिचा मोबाईलबी माझ्यापाशी देऊन गेली. तू कोन मनला?"

"शिपायाला..." वैजनाथ म्हणाला आणि थांबला. शिपायाकडून निरोप गेला तर बाहेरून सांगितलं म्हणून तिलाच उठवतील. "नका. कोनालाच काय सांगू नका."

"अरे पर तू कोन?"

रेंज गेली. का त्यानंच फोन खाली ठेवला, त्याला नंतर आठवेना.

बाहेर नरसिंगची जीप उभी होती. "चल, नरसिंग भाऊ. आत्ता चल."

"चार शीटं कमी हायत. चार आन, लगेच चलतो."

"अरे, तकलीफ हाय..."

"समद्यायलाच असती. कोनाचं बाळंतपन हाय का?"

जीप भरल्याशिवाय हलत नाही, हा गोरेगावचा कायदा आहे आणि तो कुणासाठीच मोडत नाही. वैजनाथ दोन क्षण उभा राहिला. मग आयुष्यात कधी मोठ्यानं न बोललेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध गेला आणि ओरडला, "हिंगोली! हिंगोली, हिंगोली, हिंगोली!"

चहाच्या टपरीवर हशा पिकला. "ऑनलाइनवाला जीपवर लागला का रं?" कुणी म्हणालं. त्यानं ऐकलं नाही. एका म्हातारीचं गाठोडं उचलून त्यानं टपावर टाकलं, दोघं भाऊ चहा पीत होते त्यांचे कप घाईनं रिकामे करवले, चौथा माणूस हिंगोलीला उद्या जाणार होता, त्याला आज जायला लावलं. जीप हलली तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

वाटभर तो हिशेब करत होता. मशीनं सुरू करायला दहा मिनिटं. प्रोग्राम चढवायला पाच. आता लाल अक्षरं आली असतील. आता ती बघत असेल. आता हात गार. सगळ्या रस्त्याला तुरीची शेतं पिवळी पडून उभी होती आणि त्याला एकही दिसलं नाही.

कॉलेजच्या फाटकाशी लिंबाखाली मसाजी बसले होते. काठी मांडीवर आडवी. वैजनाथ धापा टाकत समोर उभा राहिला.

"तूच का त्यो फोनवाला?"

"व्हय."

"बस."

तो बसला. मसाजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, विकत घ्यायच्या जनावराला पाहावं तसं, घाई न करता.

"काय झालं ते सांग. मला कळंल असं."

वैजनाथनं सांगितलं. गोदाम, सामान, आपली चूक. मसाजी ऐकत होते.

"म्हंजे तिचं तुझ्या दुकानात चालत होतं, ते तुझ्या दुकानातच चालणार. इथं न्हाई."

"व्हय."

"अन् आता तुला काय करता येतं?"

"काहीच न्हाई."

"मंग आलास कशाला?"

समोरच्या व्हरांड्यात एक शिपाई घंटेजवळ उभा होता. त्याच्याकडं पाहत वैजनाथ म्हणाला, "दुकानात बसवेना, काका. ती आत एकली भेत असंल अन् मी तिकडं सातबारे काढत बसायचं... ते जमेना. माझ्यामुळं तिचं गेलं तर मी... तिला मामाकडं धाडू नका. माझी चूक हाय, तिची न्हाई. तिला अजून एक बारी द्या. मी पाया पडतो तुमच्या."

"अन् अजून?"

"अजून काय?"

"एवढ्यासाठी एवढा घाम फुटत न्हाई डिसेंबरात."

मग वैजनाथ बोलला. जे सुकन्याला सांगायला चार दिवसांत जमलं नव्हतं ते त्यानं तिच्या बापाला सांगून टाकलं. दोनच वाक्यं होती. दुसरं पुरं होईपर्यंत ही काठी आता मांडीवरून उचलली जाणार अशी त्याची खात्री झाली होती.

काठी हलली नाही.

"तुझ्या बापाला वळखतो मी," मसाजी म्हणाले. "संतरामाच्या हळदीच्या रानात दोन उन्हाळे आमच्या मेंढ्या बसल्या. मानूस चांगला हाय. रातच्याला भाकरी धाडायचा. पर मेंढ्या रानात बसवनं येगळं अन् सोयरीक येगळी, लेकरा."

वैजनाथनं मान डोलावली.

"मीबी सकाळपून भेऊनच राहिलो," मसाजी पुढं म्हणाले. "नापास झाली तर रडत मामाकडं जाईल. पास झाली तर हसत नांदेडला जाईल. जाईल तर दोन्हीकडून. तिची माय सुभद्राबाई म्हनते, देव पाव म्हना. आता देवाला काय मागावं तेच मला सुधरंना."

दोघं पुरुष फाटकाकडं पाहत बसले. साडेअकराला पोरं बाहेर यायला लागली. एक, मग तिघं, मग एक मुलगी. मसाजींनी तिला हाक मारली.

"आमची सुकन्या गं?"

"ती बसलीय अजून, काका. मघा तिचं चालंच ना. नुसती पडद्याकडं बघून राहिली होती."

मुलगी गेली. वैजनाथनं दोन्ही तळवे तोंडावर धरले. त्याला स्वतःचा ताप आठवला, आणि ते आदल्या दिवशीचं अंथरूण. मसाजींनी घोंगडी खांद्यावरून काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

बारा वाजले. सव्वाबारा.

मग ती आली. एकटी, व्हरांड्याच्या टोकाकडून, ओढणी गळ्यात कशीही पडलेली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ती वडिलांकडं चालत आली, आणि मग तिला शेजारचा माणूस दिसला. ती जागीच थांबली.

"ती फाईल तुमच्या मशीनवर होती," ती म्हणाली. विचारलं नाही. म्हणाली.

"व्हय. मीच टाकलेली. इसरलो."

"अर्धा तास! अर्धा तास मी त्या एका ओळीकडं बघत होते. हात गेले होते माझे. अन् मंग तुमचा इतका राग आला... इतका राग आला, की हात गरम झाले."

"मंग?" मसाजींनी विचारलं.

"मंग वाचली. वरची पहिली. ह्या गोदामात ती वस्तू न्हाईच, तर मागायची कशाला? ओळ काढून टाकली. तर दोन नव्या तक्रारी. एक पडदा पुसायची, एक बटन दाबायची वाट बघायची. त्या दोनी त्याच फाईलीतल्या. म्हनलं, पडदा न्हाई पुसला तर काय मेंढ्या मरतात का? ती काढली. दुसरीच्या जागी साधी घातली, पुस्तकातली." तिनं श्वास घेतला. "माझा नंबर यायला बारा वाजले. मॅडमनी इचारलं, काजळीला लस दोनदा काहून? मी म्हनलं, पहिल्या बारीला ती पळाली होती."

मसाजी एकदम हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पटक्याच्या शेवटानं पुसलं. "पळालीच होती. तीन रानं पळाली."

सुकन्या मात्र हसली नव्हती. ती वैजनाथकडं पाहत होती.

"तुमी इथं काहून आले? आता येऊन काय करणार होते?"

"हे समदे तेच इचारून राहिले," वैजनाथ म्हणाला. आवाज बसलेला होता, शब्द फाटके येत होते. "काहीच करणार नव्हतो. तिकडं बसवेना."

"दुकान?"

"उघडंच हाय."

"सताड?"

"सताड."

ती त्याच्या धुळीनं भरलेल्या केसांकडं, टपावर गाठोडं चढवताना फाटलेल्या बाहीकडं पाहत राहिली. तिचा राग कुठं गेला ते तिलाही सापडेना. तिनं ओढणी नीट केली. मग अगदी हळू म्हणाली, "विषय कोनता होता ते सांगणार होते तुमी."

"मला सांगितला त्यानं," मसाजी मधेच म्हणाले. "पाठ करून आलता."

सुकन्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "बाबा!"

"मी काय केलं? त्यानंच सांगितला." मसाजी काठी टेकून उठले. हसू गेलं होतं. "ऐक, लेकरा. बजरंगाला काय सांगायचं ते मी सांगीन. त्यो माझा मेव्हना हाय, माझ्यावर चिडंल, शिव्या दील, पुन्हा जेवायला यील. पर तुझ्या बापाला तू सांगायचं. तिथं मी येणार न्हाई. अन् तिथून न्हाई आलं, तर माझ्या पोरीच्या वाटंला पुन्हा यायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

मसाजी जीप बघायला रस्त्याकडं गेले, मुद्दाम सावकाश.

लिंबाखाली दोघंच उरली. जवळ उभी होती, मधे एक हात जागा. वैजनाथला सकाळपेक्षा जास्त भीती वाटत होती. सकाळी एक फाईल सापडत नव्हती, आता पायाखालची जमीन सापडत नव्हती.

"कवा सांगणार?" सुकन्यानं विचारलं.

"सांगतो."

"कवा?"

"त्यायला जरा सवडीनं..."

"मी अर्धा तास बसले होते आत," ती म्हणाली. "अर्धा तास लई लांब असतो, वैजनाथ."

आपलं नाव तिच्या तोंडून त्यानं पहिल्यांदा ऐकलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला. बोटं गार होती. तिनं ते पाहिलं. हात पुढं केला, त्याच्या मनगटाला एकदा, जेमतेम, बोटं टेकवली आणि मागं घेतली.

त्यानं वडिलांचा नंबर लावला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"कुठं हाईस तू?" संतरामांचा आवाज तिलाही ऐकू येत होता. "दुकान सताड उघडं. लोकं मला रानातून बलवून आनून राहिले. मी कवाचा इथं बसलो. कुठं हाईस?"

"हिंगोलीला, दादा."

"हिंगोलीत काय करून राहिला?"

वैजनाथनं सुकन्याकडं पाहिलं. ती नजर काढून घेत नव्हती. "एका पोरीची परीक्षा होती, दादा."

"कोन्या पोरीची?"

"मसाजीच्या. आपल्या रानात मेंढ्या बसवतात, ते. सुकन्या नाव हाय. मला तिच्याशीच लगीन करायचं हाय."

फोन लागलेला होता. दुकानातल्या मशीनची घरघर ऐकू येत होती, कुणाच्या तरी जीपचा हॉर्न ऐकू येत होता. संतराम मात्र बोलत नव्हते. सुकन्यानं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. रस्त्यापलीकडं मसाजी एका जीपवाल्याशी बोलता बोलता थांबून इकडंच पाहत होते.

"दादा?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि एक लांब श्वास.

"पास झाली का?" संतरामांनी विचारलं.

वैजनाथनं फोन तसाच कानाला धरून तिच्याकडं पाहिलं.

"पासचं मंग कळंल," सुकन्या पुटपुटली. डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "प्रोग्राम चालला म्हन."

"चालला, दादा," वैजनाथ म्हणाला.